शेती आली, दातांना कीड लागली

शिकार करून, कंदमुळे-फळे गोळा करून माणूस जगत होता, तोवर त्याचे दात फारसे किडत नसत. घरात धान्य आले आणि हे दुखणे वाढले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकरी जव, गहू, मसूर पिकवीत. त्यांच्या सांगाड्यांत किडलेले दात आढळले. (दगावलेली लेकरे ते घरातच, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरीत.)

शिजवलेले पिठूळ अन्न दातांच्या फटीत चिकटते. तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात आणि दाताचे कवच झिजते. इनामगावकर हरिण, मासे, बोरेही खात. आपल्याकडे बोरे, घोळ, तरोटा मागे पडले. पोरांच्या हाती बिस्किटे आली!

जेवल्यावर खळखळून चूळ भरावी. रात्री दात घासूनच झोपावे. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची कीड अंगावर काढू नये, दंतवैद्याला दाखवावे.