मत्स्यखाद्यातील माती आणि कोठारातील कीड

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी वसलेले नैहाटी हे मत्स्यबीजाच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. बंगालमधील संगोपन तळ्यांत रोहू, कटला व मृगळ यांच्या पिल्लांना परंपरेने मोहरीची पेंड आणि तांदळाचा कोंडा यांचे मिश्रण दिले जाते. बीजाची प्रत आणि पाण्याची गुणवत्ता यांवर बरीच चर्चा होते. पेंडीचे पोते कोठे व किती दिवस पडून होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पावसाळ्यातील उष्ण व दमट हवेत पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या दूषित पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले. त्या तपासातून या विषाचा शोध लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राउट संवर्धन केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथ पसरली. तिचे मूळ बुरशीग्रस्त सरकी पेंडीत आढळले. विषाची मात्रा अल्प असेल तर मासे लगेच मरत नाहीत. यकृत बिघडते, वाढ खुंटते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि दोष बीजाला दिला जातो.

यावर उपाय म्हणून खाद्यात बेंटोनाइट ही चिकणमाती मिसळतात. आपल्याकडे ती कच्छ व बाडमेर भागांत मिळते. तिच्या सूक्ष्म थरांमध्ये अफ्लाटॉक्सिनचे सपाट रेणू अडकतात आणि आतड्यात शोषले न जाता विष्ठेवाटे बाहेर पडतात. तळाशी सावकाश खाणाऱ्या स्टर्जनसारख्या माशांच्या गोळीखाद्यात चिकणमातीचा आणखी एक उपयोग होतो: गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही.

मात्र या मातीला मर्यादा आहेत. फ्युजेरियम बुरशीच्या अनेक विषांवर ती फारशी प्रभावी नाही. तिच्यात पोषणमूल्य नाही. प्रमाण वाढले की खाद्याचा कस घटतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये रवंथ करणारी जनावरे, कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात तिला परवानगी देताना किलोमागे २० ग्रॅम ही कमाल मर्यादा घातली.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने खरी लढाई त्याआधीच, कोठारात, लढावी लागते. पिठातील तांबडा भुंगेरा आणि तांदळावरील पतंगाच्या अळ्या खाद्य पोखरतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता व ओलावा निर्माण होतो आणि त्यांच्या अंगावरून बुरशीचे बीजाणू पोत्यापोत्यांत पसरतात. म्हणजेच कीड लागलेले पोते ही बुरशीची पूर्वसूचना असते.

म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. पेंड नीट वाळवूनच साठवावी आणि जुना साठा आधी वापरावा. जाळी, गुठळ्या किंवा कुबट वास आढळल्यास ती पेंड पिल्लांना देऊ नये. चिकणमाती ही दुसरी फळी आहे; बुरशीची पेंड खपवण्याचा तो परवाना नव्हे.