पावसानं बोट थांबवली तर?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुटीत केरळला जायचं आणि एक रात्र हाऊसबोटीत काढायची, असा बेत हल्ली घरोघरी ठरतो. तिकिटं ‘हे’ काढतात. बॅगा भरणं मात्र आपल्याकडेच! त्या भरण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस सरतो. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरा पावसाळा असतो. त्याला तिथं ‘तुलावर्षम्’ म्हणतात. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह धो धो पाऊस, अशी त्याची तऱ्हा.

हाऊसबोटी सुटतात त्या बहुधा दुपारीच. आभाळ भरून आलं, की अलेप्पीच्या धक्क्यावर नावाडी म्हणतो, ‘‘थांबा.’’ मग पैसे भरलेले, मुलं कंटाळलेली, आणि पुरुषमंडळी त्याच्या मागे लागतात, ‘‘अहो, जरासा पाऊस तर आहे!’’

इथंच आपण मध्ये बोलायचं, बरं का! गावातल्या कालव्यांना माडांचा आडोसा असतो. वेंबनाड सरोवर मात्र ९० किलोमीटरहून लांब, भारतातलं सर्वांत लांब. उघड्या पाण्यात वारा सुटला की लाटा उसळतात, आणि वीज पडायला तिथं उंच अशी आपली बोटच! याच सरोवरात २७ जुलै २००२ रोजी मुहम्माहून कुमरकमला निघालेली प्रवासी बोट बुडून २९ जीव गेले. कितीतरी जण नोकरीच्या परीक्षेला निघालेले. बोटीत मावतील त्याहून जास्त माणसं चढली होती. पाण्यावर घाई किती महाग पडते, पाहा!

म्हणून भाडं ठरवतानाच विचारा: पावसात बोट थांबली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फिरवणार का? ते लिहून घ्या. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, तेही पाहा. संध्याकाळी उशिरा निघण्याचा हट्ट नको. रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात, म्हणून हाऊसबोटी अंधारापूर्वीच काठाला लागतात.

आणि थांबावं लागलं, तर हिरमुसू नका. अलेप्पी हे १७६२ पासूनचं जुनं बंदर. १८५९ मध्ये इथं काथ्याचा कारखाना निघाला. आजही पायपुसणी, चटया घ्याव्यात त्या इथल्याच. आपली हाऊसबोटही मूळची भात वाहणारी ‘केट्टुवळ्ळम’. तिच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या असत. पाऊस पडत असताना गरम ‘पळंपोरी’, म्हणजे पिकल्या केळ्यांची भजी, खा. ‘कप्पा’ही चाखा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोच हा! मासे खात असाल, तर आमटीतली आंबट फोड नीट पाहा. ती आपल्या कोकमाची चुलतबहीणच.

बॅगेत काय घ्याल? लवकर वाळणारे कपडे, एक जादा पंचा, ओल्या कपड्यांसाठी दोरी व प्लॅस्टिकच्या पिशव्या, औषधं आणि टॉर्च. सुती साड्या घरीच ठेवा. त्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाहीत.

एखादी फेरी बुडाली, तर फार तर चार पैसे बुडतील. तेव्हा नावाडी ‘थांबा’ म्हणाला, की घरात पहिला होकार तुमचा येऊ द्या.