विश्लेषण : खताच्या गोणीतलं फॉस्फेट प्राचीन हवामानाबद्दल काय सांगतं?

पेरणीच्या तोंडावर डीएपीचा तुटवडा झाला की कृषी सेवा केंद्रांबाहेर रांगा लागतात. डीएपीमधला फॉस्फरस येतो फॉस्फेट खडकातून. भारत हा खडक मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांकडून विकत घेतो. मोरोक्कोतल्या खाणींभोवती आज कोरडी जमीन आहे, पण तिथल्या खडकात शार्कचे दात सापडतात. कारण हा खडक समुद्राच्या तळाशी तयार झाला आहे. आणि अशा खडकांचं पृथ्वीच्या तापमानाशी जुनं नातं आहे.

हा खडक तयार कसा होतो?

काही किनाऱ्यांवर वाऱ्यामुळे वरचं पाणी दूर जातं आणि खालचं थंड, पोषक द्रव्यं असलेलं पाणी वर येतं. पेरू आणि नामिबियाजवळ आजही हे घडतं. या पाण्यात सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात. फॉस्फरसच्या एका अणूमागे त्या सरासरी १०६ कार्बन अणू वापरतात.

मेल्यावर त्यांचे अवशेष तळाशी जातात. जिवाणू ते कुजवतात आणि फॉस्फरस सुटा होतो. त्यातला काही चिखलातच कॅल्शियमशी जोडला जाऊन खनिज बनतो. लाटा हलका गाळ वाहून नेतात, फॉस्फेटचे जड दाणे मागे उरतात.

मग कार्बनचं काय होतं?

बहुतेक कार्बन पुन्हा पाण्यात मिसळतो. पण तळाशी ऑक्सिजन कमी असेल, तर त्यातला थोडा गाळात गाडला जातो. लाखो वर्षं असं होत राहिलं, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घटतो.

याचा पुरावा काय?

कॅलिफोर्नियातल्या 'मॉन्टेरी' खडकांमध्ये सेंद्रिय कार्बन आणि फॉस्फेट दोन्ही आहेत. तिथलं बरंचसं खनिज तेल याच खडकांत तयार झालं. ते साचत असताना, सुमारे १.७ ते १.४ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातल्या कार्बनचं स्वरूप बदललं. वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त घेतात. तो गाडला गेला की पाण्यात जड कार्बन-१३ चं प्रमाण वाढतं. सूक्ष्म जीवांच्या शंखांमध्ये ही वाढ नोंदली गेली आहे.

त्यानंतर, सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी थंडावली आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ वाढला. गाडलेल्या कार्बनमुळेच हे घडलं, असा सिद्धांत एडिथ व्हिन्सेंट आणि वुल्फगँग बर्गर यांनी १९८५ मध्ये मांडला.

हे सिद्ध झालं आहे का?

पूर्णपणे नाही. कार्बनमधला बदल सुरू झाला तेव्हा पृथ्वी उष्णच होती. मोठी थंडी २० लाखांहून अधिक वर्षांनी आली. शिवाय मॉन्टेरीत कार्बन साचण्याचा वेग त्यासाठी पुरेसा नव्हता, असंही काही संशोधकांचं म्हणणं आहे.

यात आणखी एक मेख आहे. खडकात अडकलेला फॉस्फरस सूक्ष्म वनस्पतींना पुन्हा मिळत नाही. म्हणजे हा खडक कार्बन गाडला गेल्याची खूण आहे, तसाच त्या प्रक्रियेला लागलेला ब्रेकही.

आज याचं महत्त्व काय?

तो ब्रेक आता आपण सैल करतोय. खडकात बंद असलेला फॉस्फरस आपण खणून शेतात टाकतो आणि त्यातला काही वाहून समुद्रात जातो. तिथे शेवाळ माजतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

यातून थोडा कार्बन गाडला जाईलही. पण समुद्राला हे काम करायला लाखो वर्षं लागतात. आपण हवेत कार्बन सोडतोय तो जेमतेम अडीचशे वर्षांपासून. समुद्र आपला कचरा वेळेत आवरेल, असा दिलासा हा खडक देत नाही.