फरशीच्या सांध्यावरून चालताना

आमच्या औराद तालुक्यात बऱ्याच घरांत शहाबादी फरशी. उन्हाळ्यात गार, पुसायला सोपी, ओली झाली की घात करणारी. माझा धाकटा भाऊ चाळिशी ओलांडलेला, बौद्धिक अपंगत्व असलेला. तो वरचेवर पडायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, "त्याचं असंच." जणू पडणं हा त्याचा स्वभावच!

म्हातारपणी माणसं पडतात. माझ्या भावासारखी माणसं चाळिशी-पन्नाशीतच पडू लागतात. शोधलं तर कारणं सापडतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या साधारण पाचांपैकी एकाला फिट येते. फेनिटॉइनसारख्या गोळीचं प्रमाण जास्त झालं तर तोल जातो, वर्षानुवर्षं घेतली तर हाडंही कमकुवत होतात. मोतीबिंदू वाढत असला तरी असा माणूस 'दिसत नाही' म्हणून सांगेलच असं नाही. त्यात घरच्यांची माया: पडेल म्हणून बाजेवर बसवून ठेवायचं. शेतात नको, गिरणीवर नको, बसमध्ये तर नकोच. मांड्यांतलं बळ जातं, आणि मग नुसतं उठतानाही तो धडपडतो.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी वृद्धांसाठी घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम बसवले. २०१९च्या कोक्रेन आढाव्यानुसार, व्यायामाने ज्येष्ठांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना मात्र असल्या मोठ्या अभ्यासांतून बहुधा वगळतात, याचा मला राग येतो. त्यांच्यावर झालेल्या छोट्या अभ्यासांत सरावाने तोल सुधारलेला दिसतो.

आमचा सराव आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. ओटा धरून टाचा उचलायच्या, मग एका पायावर उभं राहायचं. शेवटी फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत चालायचं. वेगळी रेघ आखायला नको. सुरुवातीला त्याच्या कमरेला उपरणं बांधून मागून धरायचे. दंडाला धरून ओढलं की तोल उलट बिघडतो. "नीट उभा राहा" म्हणून काही होत नाही. समोर उभं राहून करून दाखवायचं, ठरल्या वेळी, त्याच क्रमाने. मी मराठीत मोजते, तो कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु. दहा झाले की "अक्का, चहा." चहा झाल्याशिवाय पुढचा व्यायाम नाही. लाच म्हणा हवं तर.

सगळ्यांना सगळं चालत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटी नको, मानेला हिसका नको. पडणं अचानक वाढलं तर व्यायाम बाजूला ठेवून आधी गोळ्या, डोळे, कान तपासून घ्यायचे. आणि पायांत सैल स्लिपर नको.

अलीकडे आम्ही दाराच्या पायरीवर चढ-उतार सुरू केली आहे, कारण एसटीची पहिली पायरी फार उंच. परवा भालकीला जाताना तो दांडी धरून आपला आपण चढला. कंडक्टर "हळू, हळू" म्हणत राहिला, तर हा त्याच्यावरच खेकसला.