काखेतलं पुस्तक

एक जाडसं पुस्तक घ्या, उजव्या काखेत दाबून धरा आणि ते पडू न देता हात बाजूला लांबच लांब न्या बरं! नाही ना जमत? कोपराच्या पुढचा हात तेवढा हलतो, बाकी सगळं आखडून जातं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात चेलो हे वाद्य शिकणारी मुलं काखेत असंच पुस्तक धरून सराव करायची. तशीच रीत होती. पण एका मुलाला ती काही पटेना. त्याचं नाव पाब्लो कासाल्स.

पाब्लोचा जन्म 1876 सालचा, कॅटलोनिया प्रांतातल्या एल वेंद्रेल गावचा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. पाब्लोचं पहिलं 'चेलो' होतं सुकलेल्या भोपळ्याचं, एकाच तारेचं! नुसती तार छेडली तर आवाज अगदी क्षीण येतो, कारण एवढीशी तार हवा ती किती हलवणार? भोपळ्याची पोकळी साथीला आली, की तोच आवाज घुमतो. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा असतो तो याचसाठी. खरा चेलो पाब्लोनं अकराव्या वर्षी ऐकला, आणि मग त्याला दुसरं काही सुचेना.

चेलो व्हायोलिनच्याच घराण्यातला, पण आकारानं एवढा मोठा की वादक खुर्चीत बसून तो गुडघ्यांमध्ये धरतो. तारा चार. जाड तारेचा स्वर सा मानला, तर तिच्या शेजारची तार पंचमात लावलेली असते. तिला सा म्हटलं, तर पुढची पुन्हा तिच्या पंचमात. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे 65 वेळा कंप पावते आणि सगळ्यात बारीक 220 वेळा.

आता खरी गंमत तारांवर फिरवायच्या गजाची. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात आणि त्यांवर राळ घासतात. राळेमुळे केस तारेला चिकटतात आणि तिला ओढत नेतात. ताण वाढला की तार निसटते, मागे येते आणि लगेच पुन्हा चिकटते. चिकटणं-निसटणं, चिकटणं-निसटणं, बारीक तारेवर सेकंदाला तब्बल 220 वेळा! जुनं दार करकरतं ना, तेही असंच. हर्मन हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं खास सूक्ष्मदर्शकातून ही तार पाहिली. आपल्याला ती नुसती फुगल्यासारखी धूसर दिसते. खरं तर तिला एका जागी कोपरा पडलेला असतो आणि तो कोपरा तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत असतो.

हे चिकटणं-निसटणं बिनसलं की आवाज खरखरतो. म्हणून गजाचा वेग आणि दाब सांभाळावा लागतो. मुठीजवळचा भाग तारेवर असताना हाताचं वजन आपसूक पडतं. गज टोकाकडे गेला की ते कमी होतं, मग खांद्यापासून अख्ख्या हातानं ते पुरवावं लागतं. काखेत पुस्तक असेल तर ते कसं पुरवणार? पाब्लोनं कोपर मोकळं सोडलं. डाव्या हाताच्या पद्धतीतही बदल केला. चेलोवर स्वरांच्या जागा लांब-लांब असतात, सतारीसारखे पडदेही नसतात. प्रत्येक स्वरासाठी अख्खा पंजा वरखाली सरकवण्याऐवजी तो बोटं ताणून स्वर गाठू लागला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण तेव्हा तो स्वतःच विद्यार्थी होता!

तेराव्या वर्षी बार्सिलोना बंदराजवळच्या एका जुन्या दुकानात त्याला संगीतकार बाखच्या सहा चेलो-रचनांची स्वरलिपी सापडली. तेव्हा त्या रचना फारसं कोणी मैफलीत अखंड वाजवत नसे. पाब्लोनं त्यांचा सुमारे बारा वर्षं सराव केला आणि मगच त्यातली एक अख्खी रचना लोकांसमोर वाजवली. मधल्या काळात, विशीच्या उंबरठ्यावर, तो ज्या संगीतशाळेत शिकला तिथेच शिक्षक झाला. वाजवणं आणि शिकवणं ही दोन्ही कामं मग आयुष्यभर बरोबरीनं चालली.

स्पेनमध्ये फ्रँकोची हुकूमशाही आली तेव्हा कासाल्स देश सोडून फ्रान्समधल्या प्राद या छोट्या गावी राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतरही जगातले देश त्या राजवटीला हटवत नाहीत, हे पाहून त्यांनी जाहीर मैफली बंद केल्या. कासाल्स बाहेर जात नाहीत ना? मग 1950 साली, बाखच्या मृत्यूला 200 वर्षं झाली तेव्हा, वेगवेगळ्या देशांचे वादकच प्रादला आले आणि तिथे संगीत महोत्सव झाला! पुढे ते प्वेर्तो रिको बेटावर राहायला गेले. तिथे 1959 साली त्यांच्या पुढाकारानं संगीत महाविद्यालय निघालं. ऐंशी ओलांडल्यावरही ते विद्यार्थ्यांसमोर चेलो घेऊन बसत आणि स्वतः वाजवून दाखवत.

1973 साली, 96 व्या वर्षी ते गेले. पण बाखच्या त्या सहाही रचनांचं त्यांनी 1936 ते 1939 मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. घरातल्या मोठ्यांना सांगून त्यातली पहिली रचना लावा. चेलोबरोबर दुसरं एकही वाद्य नाही. गजाची दिशा कुठे बदलली, ते नुसत्या कानांनी ओळखता येतं का, बघा बरं!