थुंका, पण चूळ भरू नका!

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री माझी दाढ ठणकायला लागली. लवंग धरली, गोळी घेतली, रात्री दोनला आईला फोन करून रडले. सकाळी नाक्यावरच्या डेंटिस्टकडे जाऊन पडले. खुर्ची, दिवा, इंजेक्शन, सुटका.

आता हीच रात्र बांगलादेशातल्या कॉक्स बाजारजवळच्या कुतुपालोंगमध्ये इमॅजिन करा. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून 7 लाखांहून जास्त रोहिंग्या इकडे आले. छावणीतली निम्म्याहून जास्त माणसं म्हणजे मुलंच. बांबू-ताडपत्रीच्या झोपडीत सात वर्षांच्या पोराचा दात दुखतोय आणि छावणीला कुंपण आहे. मोकळेपणाने बाहेर पडता येत नाही. शिवाय दाताचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. 2017 च्या शेवटी तिथे घटसर्पाची साथ आली होती. अशा वेळी किडक्या दाताकडे कोण बघणार?

पण दात कुणासाठी थांबत नाही. तोंडातले जंतू साखर खातात आणि ॲसिड सोडतात, त्याने दाताचं वरचं कवच विरघळतं. ते सावरायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एकदाच चार गोळ्या खाणं परवडतं, पण तीच एक-एक करत दिवसभर चघळणं महागात पडतं. (मी सबमिशनच्या आठवड्यात नेमकं हेच करत होते!)

अशा ठिकाणी शिकवायचं काय, तर अगदी कमी. फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, त्यातलं एक रात्री झोपताना. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे मटाराएवढी. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट विसरा. आणि ब्रश झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. जिथे नळावर रांग असते तिथे हा नियम पाणीही वाचवतो. वर्गात बेसिन नसलं तरी सगळी मुलं एकत्र ब्रश करू शकतात.

कीड लागलीच तर? एक औषध आहे, सिल्व्हर डायमीन फ्लोराइड. थेंबभर दातावर लावायचं, ना ड्रिल, ना वीज, ना इंजेक्शन. बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. अडचण एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. समोरचा दात काळा झाल्यावर आई नाराज होणारच, म्हणून हे आधी समजावून सांगावं लागतं. मला विचाराल तर न दुखणारा काळा दात कधीही बरा.

सगळ्यात अवघड आहे ते ‘दुधाचे दात पडणारच की’ हे वाक्य खोडून काढणं. ते काही फक्त छावणीतलं नाही, माझी आजीही हेच म्हणते. गंमत अशी की सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते ती एकही दात न पाडता, गुपचूप सगळ्यात मागे. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

घरात भाऊ, बहीण, भाची, कुणी सहा-सात वर्षांचं आहे? आज रात्री ‘आ’ करायला सांगा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावा दात दिसला, तर तो दुधाचा नाही.