घरगुती दफ्तरांची व्यवस्था व नकला

रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याजवळ मिरकरवाडा हें मासेमारीचें बंदर आहे. पावसाळ्यांत येथें शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. खारी हवा तर बारमाही असते. अशा ठिकाणीं होडीचे, जमिनीचे, देण्याघेण्याचे व निकाहाचे कागद पिढ्यान्‌पिढ्या राखणें सोपें नव्हे. दमट हवा व वाळवी हे उघड शत्रू; परंतु हौशी संशोधकाची घाई हा तिसरा शत्रू, व त्याचा बंदोबस्त सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून खासगी दफ्तरांकडे अभ्यासकांचें लक्ष विशेष वळलें. असा रुमाल हातीं येतांच पुष्कळजण कागद विषयवार लावूं लागतात. हें प्रथम करूं नये. बिनतारखेच्या पावतीचा काळ पुष्कळदां तिच्या शेजारच्या पत्रावरूनच ठरतो. शेजार मोडला कीं तो पुरावा गेला. यास्तव रुमाल सोडतांना जो क्रम आढळेल, त्याच क्रमानें प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांत शिसपेन्सिलीनें बारीक अंक घालावा. विषयवार मांडणी करावयाची ती यादींत, कागदांत नव्हे.

यादींत अंक, कागदाचा प्रकार, लिपि, व्यक्तींचीं नांवें व मूळ मिति हे रकाने असावे. मिति कागदांत असेल तशीच उतरावी व इसवी सन निराळ्या रकान्यांत द्यावा. शकांत ७८ किंवा ७९ व शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो. उदाहरणार्थ, ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर ११७०, अर्थात् इ. स. १७६९-७०. हिजरी वर्ष चांद्र असल्यानें त्यास असा ठराविक अंतराचा हिशेब लागू पडत नाहीं. तेथें जंत्रीच पाहिली पाहिजे.

आतां नकलांविषयीं. मोडी कागदाचें बालबोध लिप्यंतर करावें. वाचनाबद्दल शंका असेल तेथें प्रश्नचिन्ह घालावें, अंदाज घालूं नये. पाठपोट दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें व छायाचित्रास यादींतलाच अंक द्यावा. संगणकांतील संग्रहाच्या तीन प्रती असाव्या, व त्यांपैकीं एक तरी परगांवीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील पेठांत पाणी शिरलें; ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर जमाव चालून आला व तेथील संग्रहाची नासधूस झाली. एकाच छपराखालीं अस्सल व नक्कल दोन्ही ठेवणारानें हीं दोन उदाहरणें विसरूं नयेत. तबकडीही कालांतरानें निकामी होते. म्हणून दर दसऱ्यास प्रती उघडून पाहाव्या.

अस्सल कागदास चिकटपट्टी लावूं नये, प्लॅस्टिकमध्यें कायमचा बंद करूं नये व कडक उन्हांत घालूं नये. सुती रुमालांत बांधून, भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावा.

इतकें केलें तर पुढच्या पिढीस निदान आपलें वाचन चुकलें कोठें, हें तरी ताडून पाहतां येईल. कुलवृत्तांत पुन्हां लिहितां येतो. अस्सल कागद पुन्हां लिहितां येत नाहीं.